कुंभकोणमचा बसताफा आणि देखभालीची मापे

कावेरी आणि अरसलार या नद्यांमधल्या पट्ट्यात वसलेले कुंभकोणम मराठी वाचकाला तंजावरच्या भोसल्यांमुळे आणि दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम पर्वामुळे परिचित असते. परंतु १९७२ पासून हे देवळांचे गाव सार्वजनिक बससेवेचे मोठे मुख्यालयही आहे, आणि यंत्र विकत घेताना त्याच्या पुढच्या देखभालीचा हिशेब कोणत्या मापांनी करावा, या प्रश्नाचा भारतातला इतिहास तेथून विशेष स्पष्ट दिसतो.

तमिळनाडूत करुणानिधी मुख्यमंत्री असताना खासगी बससेवांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि चेन्नईत पल्लवन, मदुराईत पांडियन, कोइमतूरला चेरन, तर कुंभकोणमला चोलन, अशी जुन्या राजवंशांची नावे धारण करणारी महामंडळे उभी राहिली. महाराष्ट्राचे राज्य परिवहन महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ अधिनियमाखाली चालते, तर तमिळनाडूतील ही महामंडळे कंपनी कायद्याखाली नोंदवलेल्या सरकारी कंपन्या होत्या. पुढे १९९७ मध्ये ही सर्व नावे रद्द होऊन बहुतेक महामंडळांना ‘तमिळनाडू राज्य परिवहन महामंडळ’ हे नाव आले, आणि चोलनच्या वारसदार महामंडळाच्या नावात कंसात कुंभकोणम राहिले. या स्थित्यंतराचा देखभालीशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. खासगी सेवेत गाडी विकत घेणारा मालक आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च सोसणारा मालक एकच असल्यामुळे कोणती बनावट टिकते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असे. महामंडळात मात्र खरेदी मुख्यालयात, दुरुस्ती आगारात आणि मोठी दुरुस्ती कार्यशाळेत, अशी कामांची फाळणी झाली आणि या तीन जागांना जोडणारा दुवा म्हणून कागदावरचे आकडे अपरिहार्य ठरले.

हे आकडे कसे तयार होतात, हे आगारात पाहावे. फेरी संपवून आलेल्या गाडीची टाकी पंपावर काठोकाठ भरली जाते, आणि गाडी जितके किलोमीटर धावली त्याला भरलेल्या डिझेलच्या लिटरांनी भागून दर लिटरचे अंतर निघते. चालक गाडीतील दोष नोंदवहीत लिहितो; प्रत्येक टायरला क्रमांक असतो, आणि नवेपणी तसेच पुनःस्तरणानंतर, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवा रबरी थर चढवल्यानंतर, तो किती धावला याची वेगळी नोंद ठेवली जाते. अशा नोंदींतूनच दर दहा हजार किलोमीटरमागे गाडी रस्त्यात किती वेळा बंद पडली, ताफ्यातील शेकडा किती गाड्या प्रत्यक्ष मार्गावर होत्या आणि दर किलोमीटरला सुट्या भागांवर किती पैसे खर्च झाले, ही मापे सिद्ध होतात.

या मापांपैकी कोणते निवडावे, यावर खरेदीचा निर्णय पालटू शकतो. समजा, एक चॅसिस क्वचितच बिघडते, पण तिचा सुटा भाग यायला पंधरा दिवस लागतात. दुसरी वारंवार बिघडते, पण अर्ध्या दिवसात मार्गावर येते. केवळ बिघाड मोजले तर पहिली सरस ठरते. दोन बिघाडांमधला सरासरी काळ आणि दुरुस्तीला लागणारा सरासरी काळ एकत्र मांडून ‘उपलब्धता’, म्हणजे गाडी कामास हजर असण्याचे प्रमाण काढले, तर दुसरी पुढे जाऊ शकते. त्यातही वार्षिक सरासरीवर विसंबून चालत नाही. १९९२, २००४ आणि २०१६ च्या महामहमसारख्या पर्वात लाखो भाविक एका लहान शहरात लोटतात, आणि अशा दिवशी त्या सकाळी किती गाड्या सुस्थितीत उभ्या आहेत, हाच आकडा कामाचा असतो.

ज्या काळात चोलन महामंडळ स्थापन झाले, त्याच सुमारास जगातही हा विचार आकार घेत होता. १९७० च्या आसपास ब्रिटनमध्ये यंत्राच्या खरेदीपासून ते मोडीत निघेपर्यंतच्या एकूण खर्चाचा विचार करणारी शाखा पुढे आली, आणि जपानमध्ये सेइची नाकाजिमा यांनी देखभाल ही संपूर्ण कारखान्याची जबाबदारी मानणारी पद्धत रुजवली. भारतातील परिवहन उपक्रमांनी १९६५ मध्ये आपला संघ स्थापन करून सुट्या भागांचे दरकरार एकत्रितपणे करण्यास आरंभ केला होता, आणि १९६७ मध्ये पुण्याजवळ भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था निघाली, जेथे वाहनांच्या सुट्या भागांच्या चाचण्या होतात आणि देशभरच्या उपक्रमांची कामगिरी संकलित केली जाते. कुंभकोणमच्या आगारातला आकडा पुण्यात छापला जातो, हा महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा दुवा आहे.

तरीही एक उणीव राहून गेली आहे, आणि ती गंभीर आहे. प्रसिद्ध होणारे आकडे उपक्रमवार असतात. अशोक लेलँड वा टाटा यांच्या कोणत्या चॅसिसने दर किलोमीटरला किती सुटे भाग खाल्ले, हे ते सांगत नाहीत, आणि म्हणून निविदेत किंमत हेच सर्वांत सोयीचे माप ठरते. अलीकडे विद्युत बस दर किलोमीटरच्या मोबदल्यावर घेण्याच्या करारांत देखभाल पुरवठादाराकडे जाते आणि गाडी वेळेवर न मिळाल्यास दंडाची अट असते. म्हणजे जुन्या खासगी मालकाची जबाबदारी आता करारपत्रात लिहिली जाऊ लागली आहे. परंतु महामंडळाच्या स्वतःच्या डिझेल गाड्यांना ही शिस्त लागू होत नाही. आगारांच्या नोंदी गाडीगणिक आहेत, त्यामुळे बनावटवार आकडे काढण्यास नवे मोजमाप लागणार नाही. केंद्रीय संस्थेने ते दरवर्षी प्रसिद्ध करावेत आणि राज्यांनी निविदेत दराइतकेच वजन त्यांना द्यावे.