विद्यार्थ्यांचा जलसा : बडोद्याच्या गायनशाळेपासून पुण्याच्या रंगभूमीपर्यंत

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी एक प्रश्न निघतोच. गाणी किती ठेवायची, नाटक ठेवायचे की नाही आणि या सर्वांत अभ्यासाचे किती दिवस बुडणार? कोणी म्हणतो, पाहुण्यांचे भाषण व बक्षीस समारंभ पुरे. कोणी म्हणतो, मुलांना वर्षातून एक दिवस तरी रंगमंचावर उभे राहू द्या. प्रस्तुत लेखक इतिहास शिकवतो, त्यामुळे अशा वादात दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर त्याच्या मनात वेगळाच प्रश्न येतो. विद्यार्थ्याने पेटी-तबल्याच्या साथीने चारचौघांसमोर उभे राहून गावे, ही प्रथा आपल्याकडे आली कोठून? तिचा शोध घेता घेता आपण एका फार मोठ्या कथेपाशी येऊन पोहोचतो. ती कथा थोडक्यात वाचकांपुढे ठेवीत आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत गायनविद्या ही घराण्यात राहणारी वस्तू होती. उस्तादाने ती आपल्या मुलाला, पुतण्याला, फार तर जावयाला द्यावी. बाहेरच्या शागीर्दाने वर्षानुवर्षे सेवा करावी व जे कानावर पडेल ते उचलावे, असा रिवाज होता. गाणे ऐकायचे ते राजदरबारी, सरदारांच्या वाड्यात, देवळात, उरुसात किंवा खासगी बैठकीत. ज्याची तालीम पुरी झाली नाही अशा मुलाने लोकांपुढे गावे ही कल्पनाच उस्तादांना मानवणारी नव्हती. कच्चे मडके बाजारात कशाला न्यायचे?

हा रिवाज मोडण्याच्या कामी ज्यांनी पहिले पाऊल टाकले त्यांत उस्ताद मौलाबक्ष (१८३३–१८९६) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. उत्तरेतून आलेल्या या गवयाने दक्षिणेत हिंडून म्हैसूरच्या दरबारी कर्नाटक संगीताचाही अभ्यास केला होता. पुढे ते बडोद्यास स्थिरावले. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्यासारखा शिक्षणाचा ध्यास घेतलेला राजा तेथे गादीवर होता. १८८६ साली महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास गायनशाळा सुरू झाली व तिची धुरा मौलाबक्षांकडे आली. तेथे प्रजेतील सामान्य घरच्या मुलांना वर्गात बसवून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने गाणे शिकविले जाऊ लागले. मौलाबक्षांनी स्वत:ची स्वरलिपी तयार केली व पाठ्यपुस्तके छापविली. गाणे कागदावर उतरविणे म्हणजे घरातील तिजोरीची किल्ली चौकात टांगून ठेवण्यासारखेच होते. आणि हे काम करणारा मनुष्य स्वत: उस्ताद होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांचे नातू इनायत खाँ (१८८२–१९२७) याच घरात वाढले व १९१० साली वीणा घेऊन पाश्चात्य देशांत गेले. ती गायनशाळा पुढे वाढत गेली आणि आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कलाविभागात तिचा वारसा चालू आहे.

पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. यामागे राजाचा खजिना नव्हता. शाळा चालवायची तर लोकांकडे जायला हवे, आणि लोकांकडे जायचे तर विद्यार्थी काय शिकले ते त्यांना दाखवायला हवे. अशा रीतीने विद्यार्थ्यांचा जलसा हे शाळेचे एक अंगच बनले. आरंभी सर्वांनी मिळून प्रार्थना म्हणायची, नंतर लहान मुलांनी सरगम, मग वाद्ये, मग थोरल्या विद्यार्थ्यांचे ख्याल आणि शेवटी गुरुजींचे गाणे, हा असल्या जलशांचा साधारण क्रम आजही आपल्या परिचयाचा आहे. यात शिस्त होती. तंबोरा आधी लावून ठेवायचा, ठरल्या वेळी उठायचे, दहा मिनिटांत राग उभा करायचा. रात्रभर चालणाऱ्या बैठकीच्या मानाने हे गाणे लहान झाले खरे. पण तिकीट काढून येणाऱ्या कारकुनाला, शिक्षकाला व दुकानदाराला ते प्रथमच आपलेसे झाले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) हे मूळचे कैराना गावचे. तरुणपणी ते बडोदे दरबारी गवई होते. तेथील सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूर जुळले, आणि समाजाचा रोष पत्करून दोघांना बडोदे सोडावे लागले. त्यानंतर खाँसाहेब जे महाराष्ट्र-कर्नाटकाचे झाले ते कायमचेच. १९१३ साली त्यांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय चालविण्यास घेतले. एका मुसलमान उस्तादाने आपल्या शाळेला असे नाव दिले आणि पुण्यातल्या घरोघरच्या मुलांना जातपात न विचारता समोर बसविले, याचे आज कौतुक वाटते. त्या काळी किती कुजबुज झाली असेल याची कल्पनाच केलेली बरी. खाँसाहेबांनी विद्या हातची राखून ठेवली नाही. शाळेचा भार मुख्यत: त्यांच्या जलशांवर असे आणि त्या जलशांत विद्यार्थीही त्यांच्यासोबत रंगमंचावर बसत. ज्या मुलाच्या घरी दोन वेळच्या अन्नाची भ्रांत, तो मुलगा श्रोत्यांपुढे गाऊन आपल्याच शाळेचा खर्च उचलण्यास हातभार लावीत असे. ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही.

खाँसाहेबांचे एक शिष्य रामभाऊ कुंदगोळकर (१८८६–१९५२). गाण्यात तयार झालेला हा शिष्य संगीत नाटकांत शिरला, स्त्रीभूमिका गाजवू लागला आणि ‘सवाई गंधर्व’ म्हणून प्रसिद्धीस आला. खाँसाहेबांना हे रुचले नाही. नाटकात आवाजाची नासाडी होते, टाळ्यांच्या मोहाने रियाज सुटतो, ही त्यांची धास्ती. आजचे शिक्षक संमेलनाच्या वेळी जे बोलतात त्याहून ही तक्रार फारशी निराळी नाही! पण काळाने दोघांनाही न्याय दिला. रामभाऊंनी रंगभूमी गाजविली आणि उतारवयात पं. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल यांच्यासारखे शिष्य तयार करून गुरूचे गाणे पुढच्या पिढीच्या स्वाधीन केले. त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात सुरू झालेला संगीत महोत्सव सर्वांना ठाऊक आहेच.

खाँसाहेबांचा संसार मात्र टिकला नाही. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. खाँसाहेबांनी मिरजेस मुक्काम केला. पाच मुलांना वाढविण्याची जबाबदारी एकट्या बाईवर आली. थोरला अब्दुल रहमान म्हणजेच सुरेशबाबू माने (१९०२–१९५३), त्याच्या पाठची चंपाकली म्हणजेच हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९), आणि धाकट्यांपैकी सकीना म्हणजेच सरस्वती राणे (१९१३–२००६). एकाच घरातील मुलांची ही दुहेरी नावे पाहिली की त्या घराने काय सोसले असेल आणि काय जोडले असेल, ते अधिक सांगावे लागत नाही.

हिराबाईंनी भावाकडे व उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे तालीम घेतली. १९२१ साली मुंबईस विष्णु दिगंबरांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परिषदेत सोळा वर्षांची ही मुलगी प्रथम जाहीरपणे गायली. त्या काळी कुलीन स्त्रीने सभेत गाणे निषिद्ध मानले जाई. गाणारी बाई म्हटली की लोकांची नजरच बदले. अशा वेळी एका शाळेच्या व्यासपीठाने तिला जागा दिली. दरबार नव्हे, माडी नव्हे, तर शाळा. श्रोते गाणे ऐकायला आले होते आणि गाणेच ऐकून गेले. पुढे हिराबाईंनी तिकीट लावून स्वत:चे जलसे केले. साध्या नऊवारी लुगड्यात, हातवारे न करता, शांतपणे गाणाऱ्या या बाईंमुळे घरंदाज मुलींना गाणे शिकविण्याची आईबापांची भीड चेपली. या मुद्द्यावर अनेकांनी लिहिले आहे. पण ती वाट एका विद्यालयाच्या मंचावरून निघाली, याकडे सहसा लक्ष जात नाही.

कथेचा पुढचा भाग नाटकाचा आहे. या भावंडांनी पुण्यात नूतन संगीत विद्यालय चालविले आणि १९२९ च्या सुमारास त्या विद्यालयाची नाट्यशाखा उभी केली. ज्या वडिलांनी शिष्याच्या नाटकात जाण्याला नाक मुरडले होते, त्यांचीच मुले चेहऱ्याला रंग लावून उभी राहिली! ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’ अशी लोकांच्या आवडीची नाटके त्यांनी घेतली. रंगभूमीवर अजून बालगंधर्वांचे राज्य होते आणि पुरुषाने केलेली स्त्रीभूमिका हीच प्रेक्षकांना खरी वाटत असे. तेथे हिराबाईंनी स्वत: सुभद्रा साकारली आणि स्त्रिया व पुरुष एकाच रंगमंचावर उभे राहिले. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने नव्या रंगभूमीचा पाया घातला असे आपण मानतो. त्याच्या आधीची ही हकीगत आहे.

हा व्यवहार आतबट्ट्याचा ठरला. १९३२ साली मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे वळू लागले. नाट्यशाखेला कर्ज झाले व काही वर्षांतच ती बंद करावी लागली. हिराबाईंनी गावोगाव गाऊन ते कर्ज फेडले. पैशाच्या हिशेबाने पाहिले तर हा उद्योग फसला असेच म्हणावे लागेल. पण त्यातून काय निपजले ते पाहा. सरस्वतीबाईंनी रंगभूमीवरून चित्रपटाकडे जाऊन ‘रामराज्य’ (१९४३) मध्ये पार्श्वगायन केले. सुरेशबाबूंनी स्वत: फारसा लौकिक मिळविला नाही, परंतु डॉ. प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्या घडविल्या. हिराबाईंना १९७० साली पद्मभूषण मिळाले. खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेतील एका लहानशा स्टेशनावर अल्लाला प्यारे झाले. त्यांना मिरजेस आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात दफन केले. तेथे त्यांच्या स्मरणार्थ कलावंत गाऊन हजेरी लावत आले आहेत. त्यांत नावाजलेले असतात तसे नवशिकेही असतात.

वाचकहो, हा सारा इतिहास सांगण्याचा हेतू असा नाही की आपल्या प्रत्येक संमेलनातून एक हिराबाई निघावी. तसे होत नसते. शंभर मुलांपैकी नव्याण्णव मुले पुढे गाणे विसरून पोटापाण्याच्या उद्योगाला लागणार, हे शिक्षकाला ठाऊक असते. परंतु मौलाबक्षांनी जेव्हा स्वर कागदावर उतरविले तेव्हा त्यांनीही हाच हिशेब केला असला पाहिजे. विद्या सर्वांपुढे मांडायची; कोण किती उचलील ते आपल्या हाती नाही. बैठकीत फक्त तयार झालेल्याला जागा होती. शाळेच्या जलशाने शिकत असलेल्याला जागा दिली. माझ्या मते, या संस्थांनी केलेले सर्वांत मोठे काम हेच.

मी शिकवतो त्या शाळेच्या एका संमेलनात सातवीतील एक मुलगी गाताना मध्येच थांबली. शब्द आठवेनात. सभागृहात काही पोरे हसली. पेटीवर बसलेल्या शिक्षकांनी मान वर न करता तीच ओळ पुन्हा वाजविली, मग आणखी एकदा वाजविली. तिसऱ्या वेळी तिने सूर पकडला व गाणे पुरे केले. बक्षीस तिला मिळाले नाही. पण दुसऱ्या दिवशी वर्गात, एरवी कधी हात वर न करणाऱ्या त्या मुलीने इतिहासाच्या तासाला उभे राहून उत्तर दिले. ते उत्तर चुकीचे होते. मी तिला बस म्हणालो नाही. पेटीवरच्या शिक्षकांप्रमाणे प्रश्न पुन्हा विचारला.

संमेलनात गाणी किती ठेवायची, हा वाद येत्या वर्षीही होईल. त्या वेळी मी एवढेच सुचविणार आहे की भाषणे थोडी आटोपती घ्यावीत आणि ज्यांचे गाणे अजून कच्चे आहे अशा दोन मुलांची नावे कार्यक्रमपत्रिकेत जास्त घालावीत.