कल्याणीच्या किल्ल्यापायी

पुण्याहून नगर रस्त्याने निघाले की वाघोली मागे पडते आणि पुढे अहमदनगर लागते. २०२४ पासून त्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले. सोळाव्या शतकात इथला मुलूख निजामशाहीचा होता. निजामशाही म्हटले की आपल्याला मलिक अंबर आठवतो, चांदबीबी आठवते. तिचे वडील हुसेन निजामशहा मात्र १५६५ च्या तालिकोटच्या लढाईपुरतेच आठवले जातात. ‘सुलतानांनी एक होऊन विजयनगर बुडवले’ या एका वाक्यात त्यांची कारकीर्द गुंडाळली जाते. त्याआधी याच हुसेनने विजयनगरच्या फौजेपुढे दोनदा राजधानी सोडून माघार घेतली होती, आणि त्या फौजेबरोबर विजापूरचा आदिलशहा होता.

हुसेनच्या वडिलांचा, बुऱ्हाण निजामशहाचा, सगळा डाव विजयनगरच्या दोस्तीवर उभा होता. १५५२ मध्ये विजापूरकरांविरुद्ध दोघे मिळून लढले. रामरायाने रायचूर आणि मुद्गल घेतले, बुऱ्हाणने सोलापूर. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वारला. हुसेनला गादी मिळाली, दोस्ती मात्र टिकवता आली नाही.

ती उचलली अली आदिलशहाने. १५५८ मध्ये तो गादीवर आला. रामरायाचा मुलगा वारला तेव्हा हा तरुण सुलतान सांत्वनाला थेट विजयनगरला गेला. मग त्याने हुसेनकडे सोलापूर आणि कल्याणी (आजचे बसवकल्याण) परत मागितले. हुसेनने नकार दिला. अली, रामराया आणि गोवळकोंड्याचा इब्राहीम कुतुबशहा एकत्र चालून आले. नगरला वेढा पडला आणि हुसेन पैठणकडे हटला.

त्याच्या बाजूला उरला होता फक्त वऱ्हाड. इमादशहाची मुलगी त्याने केली होती, लग्न गोदाकाठी सोनपेठला झाले होते. सासऱ्याने जहांगीरखान नावाचा सरदार मदतीला धाडला. त्याने शत्रूची रसद तोडून त्यांना जेरीला आणले. तहाची वेळ आली तेव्हा रामरायाच्या अटी तीन होत्या: कल्याणी अलीला द्यावी, जहांगीरखानाला मारावे, आणि हुसेनने स्वतः येऊन विडा घ्यावा. हुसेनने तिन्ही मान्य केल्या. मदतीला आलेल्या माणसाचाच जीव घेतला.

भेटीची हकिगत फरिश्ता सांगतो. रामरायाचा हात हाती घेतल्यावर हुसेनने पाणी मागवून हात धुतले. रामराया संतापला आणि त्यानेही धुतले. फरिश्त्याचे बालपण नगरला गेले, पण इतिहास त्याने पुढे विजापूरच्या दरबारात लिहिला, तोही बऱ्याच वर्षांनी. म्हणून असे किस्से जपूनच घ्यावेत. हात धुण्याची गोष्ट सगळे सांगतात, जहांगीरखानाचे नाव कोणी घेत नाही. माझ्या मते हुसेनची खरी हार त्या खुनात होती.

त्याचा परिणाम १५६३ च्या सुमारास दिसला. हुसेनने आपली मुलगी बीबी जमाल इब्राहीम कुतुबशहाला दिली आणि दोघांनी कल्याणीला वेढा घातला. अली पुन्हा रामरायाला घेऊन आला. या वेळी बीदरचा बरीदशहा त्यांच्याबरोबर होता आणि वऱ्हाडचाही. सोनपेठच्या सोयरिकीचे मोल संपले होते. त्यात पावसाने गाठले. निजामशाही तोफखाना चिखलात रुतला आणि बराचसा शत्रूच्या हाती गेला. हुसेन जुन्नरकडे निघून गेला. नगरचा किल्ला मात्र टिकला. मातीच्या जुन्या कोटाच्या जागी हुसेनने नुकताच दगडी तट बांधून घेतला होता. शिवाय सीना नदीला अचानक पूर आला आणि काठावर तळ दिलेली रामरायाची बरीच माणसे वाहून गेली.

नगरचा, विजापूरचा आणि गोवळकोंड्याचा सुलतान, तिघेही शिया होते. तरी त्यांना एकत्र यायला सात वर्षे आणि दोन लग्ने लागली. चांदबीबी अलीला दिली, तिच्याबरोबर सोलापूर गेले; अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तजाला दिली. ज्या सोलापुरासाठी वेढे सोसले ते शेवटी आंदणात गेले! जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटला रामराया पकडला गेला आणि हुसेनने त्याचे शिर उतरवले. त्याच वर्षी जूनमध्ये हुसेनही वारला.

मुर्तजा लहान, म्हणून कारभार त्याची आई खुंजा हुमायून पाहू लागली. थोड्याच काळात अली आदिलशहा विजयनगरच्या उरलेल्या मुलखावर चालून गेला. तिथल्या कारभाऱ्यांनी नगरकडे मदत मागितली. खुंजा हुमायून फौज घेऊन विजापूरवर गेली आणि अलीला मागे फिरावे लागले.