टीव्ही नसेल तर प्लेस्टेशन खेळता येतो का? मॉनिटर, लॅपटॉप आणि मोबाईलवर काय चालतं, काय चालत नाही

हातकणंगले तालुक्यातल्या पेठ वडगावात किंवा तशाच कुठल्याही गावात बऱ्याच घरांत टीव्ही एकच असतो. संध्याकाळी त्यावर मालिका, सुट्टीच्या दिवशी क्रिकेट. शिक्षणासाठी कोल्हापूर किंवा पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांकडे तर टीव्ही नसतोच. अशा वेळी गेम खेळण्याचा कन्सोल घेतला तर तो चालवायचा कशावर?

थोडक्यात उत्तर असं: कन्सोलला टीव्ही लागत नाही. त्याला चित्र दाखवणारा पडदा, आवाज ऐकवणारं काहीतरी आणि दोन्हीपर्यंत सिग्नल नेणारी योग्य जोडणी लागते. मात्र यातली 'योग्य' जोडणी कोणती, हे न पाहता केबल आणली तर पैसे वाया जातात आणि ती बदलायला वडगावहून पुन्हा कोल्हापूरची फेरी पडते.

कन्सोल आणि टीव्हीची जोडी कशी जमली?

घरी खेळायचा पहिला व्हिडिओ गेम कन्सोल 'मॅग्नाव्हॉक्स ओडिसी' 1972 मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. तो टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडला जाई. घरात आधीच असलेला पडदा वापरला की यंत्र स्वस्त पडतं, एवढंच त्यामागचं गणित होतं. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं. म्हणजे महाराष्ट्रात तेव्हा टीव्हीच नवा होता.

टीव्हीशिवायचे प्रयोगही जुनेच आहेत. 1958 मध्ये अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी केलेला टेनिसचा खेळ ऑसिलोस्कोपच्या छोट्या पडद्यावर चाले. 1982 मध्ये आलेल्या 'व्हेक्ट्रेक्स' या कन्सोलला तर स्वतःचाच पडदा होता.

आजच्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्समधून चित्र-आवाज एचडीएमआय केबलने बाहेर पडतो. ती केबल घेणारा कोणताही पडदा त्यांना चालतो. टीव्हीवर खेळतानाही केबल टीव्ही किंवा डिशचं कनेक्शन लागत नाही.

मॉनिटर: सगळ्यात सोपा मार्ग

संगणकाच्या मॉनिटरमागे एचडीएमआयची जागा असेल तर काम संपलं. कन्सोलसोबत आलेली केबल जोडायची आणि चालू करायचं. गेमसाठी मॉनिटर अनेकदा टीव्हीपेक्षा बराच ठरतो. टीव्ही चित्र सुधारण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो आणि त्यात क्षणभर उशीर होतो. बटण आधी दाबलं जातं, उडी नंतर दिसते. म्हणूनच टीव्हीत 'गेम मोड' वेगळा दिलेला असतो.

जुन्या मॉनिटरचं मात्र नीट पाहावं लागतं.

डीव्हीआयची जागा असेल तर एचडीएमआय ते डीव्हीआय ही साधी केबल चालते, कारण दोन्ही डिजिटल आहेत. पण त्यातून आवाज येईलच असं नाही. शिवाय मॉनिटर फार जुना असेल आणि त्यात 'एचडीसीपी' ही कॉपी रोखणारी व्यवस्था नसेल, तर पडदा काळाच राहू शकतो.

फक्त व्हीजीए असेल, म्हणजे निळ्या रंगाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली पिन, तर नुसती केबल चालणार नाही. व्हीजीए अॅनालॉग आहे. मध्ये सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो, आणि त्याला आवाजाची वेगळी जागा आहे ना, हे पाहून घ्यावं लागतं.

चौकोनी जुन्या मॉनिटरवर चित्र उभं ताणलेलं दिसू शकतं. मोफत मिळाला तर ठीक, विकत घेताना रुंद पडद्याचाच घ्यावा.

चित्र आलं, आवाज कुठे आहे?

अनेक मॉनिटरना स्पीकर नसतात. प्लेस्टेशन 4 आणि 5 च्या कंट्रोलरला खाली हेडफोनची जागा असते. साधा तारेचा इअरफोन तिथे लावून सेटिंगमध्ये सगळा आवाज हेडफोनला पाठवता येतो. एक्सबॉक्सच्या नव्या कंट्रोलरलाही ही सोय आहे. मॉनिटरला हेडफोनची जागा असेल तर तिथे स्पीकर जोडता येतात. नेहमीचा ब्लूटूथ स्पीकर मात्र प्लेस्टेशनला थेट जोडला जात नाही. तो घेण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

लॅपटॉप: सर्वात जास्त चुका इथेच

लॅपटॉपलाही एचडीएमआयची जागा असते, म्हणून कन्सोलची केबल तिथे लावली जाते आणि काहीच दिसत नाही. कारण सोपं आहे. ही जागा चित्र बाहेर पाठवण्यासाठी आहे, आत घेण्यासाठी नाही. नळाच्या तोंडाला दुसरा नळ जोडण्यासारखंच ते. अगदी मोजके लॅपटॉप याला अपवाद आहेत.

उपाय म्हणजे 'कॅप्चर कार्ड'. ही छोटी डबी कन्सोलचं चित्र एचडीएमआयने घेते आणि यूएसबीने लॅपटॉपला देते. लॅपटॉपवर 'ओबीएस स्टुडिओ' हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं की चित्र दिसतं. यूएसबी ओटीजी चालणाऱ्या काही अँड्रॉइड फोनवरही योग्य अॅप घेऊन हे जमतं.

प्लेस्टेशनवर त्याआधी सेटिंग्जमधल्या 'सिस्टीम'मध्ये जाऊन एचडीसीपी बंद करावं लागतं. नाहीतर कार्डाला काळा पडदाच मिळतो. ते बंद असताना चित्रपट-मालिकांची काही अॅप चालत नाहीत. स्वस्त कार्डात चित्र थोडं उशिरा येतं. बुद्धिबळाला किंवा निवांत खेळांना ते चालेल, क्रिकेट, फुटबॉल आणि मारामारीच्या खेळांना नाही.

वायफायवरून मोबाईलवर: रिमोट प्ले

प्लेस्टेशनचं 'रिमोट प्ले' हे मोफत अॅप कन्सोलचं चित्र वायफायवरून फोन, टॅबलेट किंवा संगणकावर आणतं. 2016 मध्ये ते विंडोज आणि मॅकवर आलं, 2019 मध्ये सर्व कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनसाठी खुलं झालं. एक्सबॉक्सलाही अशी सोय आहे.

अडचण एकच: नवा कन्सोल पहिल्यांदा सुरू करून सगळी जुळवाजुळव करायला आणि रिमोट प्ले चालू करायला एकदा तरी खरा पडदा लागतो. शेजाऱ्यांचा टीव्ही अर्धा तास मिळाला तरी पुरे. त्याच वेळी कन्सोल 'रेस्ट मोड'मध्ये असताना इंटरनेटवरून सुरू होईल, ही सेटिंगही चालू करून ठेवावी.

सोनीच्या सांगण्यानुसार यासाठी किमान 5 एमबीपीएस वेग लागतो, चांगल्या अनुभवासाठी 15. कन्सोल आणि फोन घरच्या एकाच वायफायवर असतील तर उत्तम. पण कन्सोल वडगावात घरी आणि मुलगा पुण्यात मोबाईल डेटावर असेल, तर 5 एमबीपीएसने एका तासाला सुमारे सव्वादोन जीबी जातात. रोज दोन जीबीचा पॅक तासभरही पुरणार नाही. 15 एमबीपीएसला हाच आकडा पावणेसात जीबीच्या आसपास जातो.

टीव्ही कधीच न लागणारा कन्सोल

2017 मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विचला स्वतःचा पडदा आहे. तो हातात धरूनही खेळता येतो आणि डॉकमध्ये ठेवून टीव्हीवरही. 2019 चा स्विच लाइट तर फक्त हातातच खेळायचा आहे, तो टीव्हीला जोडलाच जात नाही.

माळ्यावरच्या जुन्या कन्सोलचं काय?

नव्वदच्या दशकातले कॅसेटचे व्हिडिओ गेम आणि प्लेस्टेशन 2 यांच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिना आजच्या मॉनिटरला बसत नाहीत. त्यासाठी एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर मिळतो. त्याला यूएसबीवरून वीज द्यावी लागते.

बंदुकीने बदकं टिपायचा खेळ मात्र नव्या पडद्यावर चालणार नाही. ती बंदूक गोळी सोडत नाही, पडद्याचा प्रकाश वाचते, आणि जुन्या डब्याच्या टीव्हीतलं चित्र ज्या पद्धतीने उमटतं त्यावरच तिचं काम अवलंबून असतं. म्हणून जुना टीव्ही चालू असेल तर भंगारात देण्याआधी एकदा विचार करावा.

वीज गेली तर?

वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा खेळ 'सेव्ह' होत असेल तर ती फाइल खराब होऊ शकते. प्लेस्टेशन 5 खेळताना साधारण 200 वॅट घेतो, 24 इंची मॉनिटर 20 ते 30 वॅट. संगणकाचा 600 व्हीएचा यूपीएस बहुधा एवढा भार काही मिनिटं पेलतो. खेळ सेव्ह करून बंद करायला तेवढा वेळ पुरतो. मॉनिटरही यूपीएसलाच जोडावा. नाहीतर कन्सोल चालू राहील, पण सेव्हचं बटण दिसणारच नाही.

दुकानात जाण्याआधी

1. मॉनिटरच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढून न्यावा. दुकानदाराला पिनेचं नाव सांगत बसण्यापेक्षा फोटो दाखवणं सोपं.
2. जुना मॉनिटर घेताना कन्सोल सोबत नेऊन तिथेच जोडून पाहावा.
3. आवाज कुठून येणार, हे आधी ठरवावं.
4. नवा पडदा जोडल्यावर चित्र आलंच नाही तर घाबरू नये. प्लेस्टेशन बंद करून पॉवरचं बटण दुसरा 'बीप' ऐकू येईपर्यंत, म्हणजे सुमारे सात सेकंद, दाबून धरावं. 'सेफ मोड' सुरू होतो. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून तिथे रिझोल्यूशन बदलता येतं.

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवावा: आधी घरात किंवा ओळखीत पडून असलेला मॉनिटर, मग एचडीएमआय असलेला जुना मॉनिटर, त्यानंतर कॅप्चर कार्ड. मॉनिटर घेतला तर तो दिवसा अभ्यासाच्या संगणकालाही उपयोगी पडतो आणि संध्याकाळी बाहेरच्या खोलीतली मालिका कुणाला बंद करावी लागत नाही.