मशिदीतला पाहुणा

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सनावळ्या, लढाया आणि राजेलोकांचे तहनामे उभे राहतात. गावांनी आपापसांत केलेले, कोठेही न लिहिलेले तह मात्र बखरीत सापडत नाहीत. असाच एक तह कृष्णाकाठच्या मुलखात कित्येक वर्षे पाळला जात आहे. त्याला कागद नाही, शिक्का नाही. त्याची साक्ष तेथल्या मशिदी देतात. आज त्या तहाची हकीकत सांगावयाची आहे.

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात गोटखिंडी नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे पंधरा हजारांची. त्यांत मुसलमानांची घरे शंभरेक. गावात सांगतात की, १९६१ साली ऐन गणेशोत्सवात पावसाने असा काही जोर धरला की उघड्यावर बसविलेली गणपतीची मूर्ती भिजू लागली. मांडव टिकेना. तेव्हा शेजारच्या मुसलमान मंडळींनीच पुढे होऊन म्हटले, मूर्ती मशिदीत आणा. मूर्ती आत आली, पाऊस बाहेर राहिला आणि उत्सव पार पडला. पुढे १९८० साली गावातल्या तरुणांनी गणेश मंडळ स्थापन केले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी सांगितलेली ही गोष्ट त्यांना आठवली. त्या वर्षापासून मंडळाचा गणपती दरवर्षी मशिदीतच बसतो. चतुर्थीस प्रतिष्ठापना होते, अनंत चतुर्दशीस विसर्जन होते, आणि मधले दिवस प्रसादाच्या, आरतीच्या व व्यवस्थेच्या कामांत दोन्ही समाजांचे हात लागलेले असतात.

येथे एखादा श्रोता विचारील, आणि विचारावयासच हवे, की इस्लाममध्ये मूर्तिपूजा निषिद्ध असता हे घडते कसे? प्रश्न रास्त आहे. मुसलमानांतील अनेक धर्मपंडितांना ही चाल मान्य होणार नाही. हिंदूंतही नाक मुरडणारे निघतील. परंतु गोटखिंडीच्या मुसलमानांनी आपला देव बदललेला नाही, आणि हिंदूंनीही आपला बदललेला नाही. मशिदीने केला तो पाहुणचार. पावसात भिजणाऱ्या शेजाऱ्याला आपण ओसरीवर घेतो, तेव्हा त्याचे गोत्र आपण स्वीकारीत नाही. आपले घर मात्र थोडे मोठे होते. मी स्वतः ख्रिस्ती आहे, म्हणजे या दोन्ही घरांच्या दृष्टीने बाहेरचा. म्हणूनच कदाचित मला या प्रकरणातील पूजेपेक्षा पाहुणचार अधिक ठळक दिसतो. आपली श्रद्धा न सोडता दुसऱ्याच्या श्रद्धेला जागा देणे ही गोष्ट जगात दिसते तितकी सोपी नाही.

आता गोटखिंडीहून कृष्णेच्या प्रवाहाबरोबर खाली कोल्हापूर जिल्ह्यात उतरू. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर नृसिंहवाडीचे दत्तक्षेत्र आहे. तेथील मंदिरास शिखर नाही; ते विजापूरच्या आदिलशहाने बांधविले, म्हणून त्याची घडण अशी, असे परंपरा सांगते. या क्षेत्राला लागूनच कुरुंदवाड आहे, पूर्वीच्या पटवर्धन संस्थानिकांचे गाव. या कुरुंदवाडात पाच मशिदींमध्ये गणपती बसतो. आणि ज्या वर्षी मोहरम व गणेशोत्सव एकत्र येतात, त्या वर्षी एकाच छताखाली एका बाजूस पिराचे पंजे आणि दुसऱ्या बाजूस गणपती असे दृश्य तेथे दिसते. मोदकाचा प्रसाद आणि पिराचा मलिदा एकाच गल्लीत वाटला जातो.

हे दोन सण एकत्र येतात तरी केव्हा? यामागे एक सुंदर गणित आहे. हिजरी कालगणना आणि आपले पंचांग ही दोन्ही चंद्रावर चालतात. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून अकरा दिवसांनी लहान. हा फरक भरून काढण्यासाठी पंचांगकर्ते साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालतात, म्हणून गणपती नेहमी पावसाळ्याच्या अखेरीसच येतो. हिजरी वर्षात अधिक महिना नाही, म्हणून मोहरम सर्व ऋतूंतून फिरत राहतो आणि सुमारे तेहतीस वर्षांनी पुन्हा भाद्रपदाला गाठतो. गाठला की लागोपाठ दोन-तीन वर्षे सोबत करतो, पुढे अधिक महिना आला की दोघांची ताटातूट होते. १९८५, १९८६ आणि १९८७ या तीन वर्षी ही भेट झाली. त्यानंतर ती २०१८, २०१९ आणि २०२० साली झाली. मोहरमचा दहावा दिवस शुद्ध एकादशी-द्वादशीच्या सुमारास पडतो, म्हणजे ऐन गणेशोत्सवात. एकीकडे आनंदाचा उत्सव, दुसरीकडे करबलाच्या हौतात्म्याचा शोक. आणि दोघांना रस्ता एकच.

असाच पेच २०१५, २०१६ व २०१७ या तीन वर्षी आला. त्या वेळी गणेशोत्सवात आली ती बकरी ईद. गोटखिंडीत अशी वेळ आली म्हणजे मुसलमान मंडळी त्या दिवसांत कुर्बानी करीत नाहीत, केवळ नमाज अदा करून ईद साजरी करतात. वर्षातून एकदा येणाऱ्या सणातील मुख्य विधी शेजाऱ्यासाठी बाजूस ठेवणे, ही लहान गोष्ट नव्हे. मैत्रीला किंमत पडते, आणि ती कोणीतरी मुकाट्याने भरीत असतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

या सख्याची मुळे १९६१ च्याही मागे जातात. महाराष्ट्रातील खेडोपाडी मोहरम हा फार पूर्वीपासून साऱ्या गावाचा सण होता. नवस फेडण्यासाठी हिंदू मुले फकीर होत. कित्येक गावी, जेथे मुसलमानाचे एकही घर नाही तेथेही, पंजे बसविले जात. पुण्यासारख्या शहरांत ताबुतांच्या मिरवणुकीत हिंदूंचा भरणा मोठा असे. १८९३ साली प्रभासपट्टण आणि मुंबई येथे दंगे झाले आणि हे चित्र पालटले. १८९४ साली पुण्यातील बहुसंख्य हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरविली, आणि त्याच सुमारास लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला. या उत्सवाने पुढे राष्ट्रीय जागृतीचे केवढे कार्य केले, हे सर्वविदित आहे. परंतु त्याच्या जन्मवेळी दोन समाज मिरवणुकीच्या रस्त्यावर एकमेकांपासून दूर झाले होते, हेही इतिहासाने नोंदविलेले आहे. शहराच्या रस्त्यावर जे तुटले, ते कुरुंदवाडासारख्या गावातील मशिदीच्या छताखाली पुन्हा जवळ बसले. ही इतिहासाने केलेली दुरुस्तीच म्हणावयाची!

येथवर सणांची गोष्ट झाली. परंतु सणापुरतेच सख्य असेल तर त्याची परीक्षा झालेली नसते. परीक्षा संकटात होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. सांगली, कोल्हापूर, शिरोळ, कुरुंदवाड हा सारा मुलूख पाण्याखाली गेला. त्या वर्षी बकरी ईद १२ ऑगस्टला, ऐन पुरात आली. अनेक मुसलमान कुटुंबांनी सण साधेपणाने केला आणि कुर्बानीसाठी राखलेला पैसा पूरग्रस्तांसाठी दिला. पुढच्याच वर्षी करोनाची साथ आली. कुरुंदवाडाजवळच इचलकरंजी हे हातमाग-यंत्रमागांचे शहर आहे. टाळेबंदीने माग थांबले होते, मजुरांच्या घरी चुलीची भ्रांत होती. अशा वेळी, मे २०२० मध्ये, तेथील मुसलमान समाजाने रमजानमधील जकातीची व दानाची रक्कम गोळा करून ३६ लाख रुपये इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयास दिले. त्यांतून १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. रमजान ईदच्या सुमारास तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दूरदृश्य पद्धतीने त्याचे उद्घाटन केले.

जकात म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. ज्याची शिल्लक ठराविक मर्यादेपलीकडे आहे अशा मुसलमानाने त्या शिलकेचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, दरवर्षी गरजूंसाठी काढून ठेवावयाचा असतो. हे ऐच्छिक दान नव्हे; नमाज आणि रोजा यांच्याच पंक्तीतील ते कर्तव्य आहे. परंपरेने हा पैसा बहुधा समाजातील गरीब, विधवा, अनाथ यांच्याकडे जातो. तो सरकारी रुग्णालयाकडे वळविण्याचा निर्णय जेव्हा समाज घेतो, तेव्हा त्या खाटेवर उद्या कोण निजणार, हे त्याला ठाऊक नसते. रुग्णाच्या नाकाला लावलेली नळी त्याची जात विचारीत नाही. गोटखिंडीच्या मशिदीने पावसात जे केले, तेच इचलकरंजीने साथीत केले. एकाने छप्पर दिले, दुसऱ्याने श्वास दिला.

श्रोतेहो, हे सारे ऐकून कोणी समजेल की हा मुलूखच मोठा शांत असावा. तसे नाही. सप्टेंबर २००९ मध्ये, गणेशोत्सवातच, मिरजेत एका स्वागतकमानीवरील चित्रावरून दंगल उसळली. संचारबंदी पुकारावी लागली, आणि झळ सांगली, कोल्हापूर, इचलकरंजीपर्यंत पोहोचली. ज्या मिरजेत संगीतरत्न अब्दुल करीम खाँ दर्ग्याच्या आवारात चिरविश्रांती घेत आहेत, तीच ही मिरज. पुढे जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात एका जमावाने मशिदीची आणि गोरगरिबांच्या घरांची मोडतोड केली. गोटखिंडी आणि कुरुंदवाड ही गावे या आगीपासून दूर कोठे वसलेली नाहीत. तीच नदी, तीच भाषा, तीच वर्तमानपत्रे, तेच सण. तरीही त्यांची रीत चालू राहिली, हे त्यांच्या मोठेपणाचे खरे माप होय.

ती का टिकली, याचा विचार करता मला एकच कारण दिसते. भाषणांनी वा फलकांनी ही रीत टिकविलेली नाही. दरवर्षीच्या व्यवस्थेने ती टिकविली आहे. मूर्ती कोठे बसेल, आरतीची वेळ नमाजाच्या वेळेशी कशी जुळेल, सण एकाच दिवशी आले तर कोणी काय मागे ठेवावयाचे, या प्रश्नांचा उलगडा श्रावणातच व्हावा लागतो, आणि तो दरवर्षी नव्याने व्हावा लागतो. बंधुभावाचे स्तोत्र एकदा गाऊन भागते. बंधुभावाची बैठक मात्र दर साल बोलवावी लागते. एखादे वर्ष चुकले तर अफवेला तेवढी फट पुरते.

आपण बेळगावात असा, बडोद्यात असा, इंदूर-ग्वाल्हेरीस वा हैदराबादेत असा. जेथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या परभाषी व परधर्मी शेजारात नांदली, तेथे या व्यवस्थेचे मोल निराळे सांगावयास नको. आपणही कोणा ना कोणाच्या ओसरीवर केव्हातरी पाऊस टाळला आहे.

मोहरम आणि गणपती यांची पुढची भेट आता २०५१ च्या सुमारास व्हावयाची आहे. आज कुरुंदवाडच्या शाळेत पाढे म्हणणारी मुले त्या वर्षी गावची जाणती माणसे झालेली असतील. पंजे कोठे आणि मखर कोठे, हे त्या वेळी त्यांना ठरवावे लागेल. चंद्राचे गणित चुकणार नाही. दोन्ही पाहुणे ठरल्या वेळी दाराशी येतील. दार उघडणारे हात तयार करणे एवढेच आपल्याकडे आहे, आणि त्यासाठी ही गोष्ट मुलांना आजच सांगावयास हवी.