आखडलेली बोटे आणि स्प्लिंटचा इतिहास

प्लास्टर काढल्यावर बोटे मिटत नाहीत, ही तक्रार तुम्ही घरी किंवा शेजारी ऐकली असेल. हाड जुळलेले असते, एक्स-रे चांगला असतो, पण भाताचा घास उचलता येत नाही आणि शर्टाचे बटण लागत नाही. ज्या बांधणीने हाड वाचवले, तिनेच सांधा आखडवला. हात किती काळ स्थिर ठेवायचा आणि कधीपासून हलवायचा, या पेचाभोवतीच स्प्लिंटचा इतिहास फिरतो. त्याचे उत्तर कसे बदलत गेले आणि त्यात भारताचा वाटा कोणता, ते या पाठात पाहू.

१. सांधा का आखडतो?

जखम भरण्याचे तीन टप्पे मानतात. पहिले काही दिवस सूज व दाह असतो. नंतरचे साधारण तीन आठवडे पेशी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार करतात. त्यानंतर कित्येक महिने या धाग्यांची नव्याने रचना होत राहते. धागे कसे रचले जातील, हे ऊतीवर पडणाऱ्या ताणावर बरेच अवलंबून असते. हात बराच काळ एकाच स्थितीत राहिला, तर सांध्याभोवतीचे अस्थिबंध त्याच लांबीत घट्ट होतात. म्हणून स्प्लिंट केवळ आधार देत नाही. कोणत्या स्थितीत ऊती भरून येणार, हेही ते ठरवते.

२. प्राचीन बांधणी

सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडावर झाडांच्या साली आणि बांबू बांधण्याची पद्धत आहे. आपल्याकडे खेडोपाडी बांबूच्या कामट्या बांधतात, ती याच जातीची. दोन तपशील विशेष लक्षात घ्या. बांधणी थंड ऋतूत सात, समशीतोष्ण ऋतूत पाच आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बदलावी, असे तिथे सांगितले आहे. शिवाय हात बरा होऊ लागल्यावर रुग्णाने मातीचा गोळा धरावा आणि बळ आल्यावर दगड धरावा, असेही म्हटले आहे. म्हणजे बांधणी संपली की उपचार संपला, असे मानलेले नाही. क्रमाक्रमाने हालचाल वाढवणे हा उपचाराचाच भाग होता.

३. विश्रांतीचा काळ

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) यांनी पूर्ण व दीर्घ विश्रांतीचा आग्रह धरला. याच शतकात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या वापरात आल्या. मांडीच्या हाडासाठी थॉमस स्प्लिंट पहिल्या महायुद्धात फार उपयोगी ठरले. पण बोटांचे गणित वेगळे आहे. हातात लहान सांधे दाटीने बसलेले असतात आणि टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, त्यांच्या अगदी जवळून सरकतात. इथे दीर्घ विश्रांती महागात पडते. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांचे हात हाताळताना अमेरिकन शल्यचिकित्सक स्टर्लिंग बनेल यांनी ही गोष्ट ठामपणे मांडली. त्यांचा हाताच्या शस्त्रक्रियेवरील ग्रंथ १९४४ मध्ये आला. रबर व स्प्रिंगच्या साहाय्याने बोटाला ओढ देणारी स्प्लिंटही त्यांनी वापरात आणली.

४. वेल्लोरचा धडा

आता भारतात येऊ. कोल्ली डोंगरात १९१४ मध्ये जन्मलेले पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. पुढच्या वर्षी चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी पंज्यासारखे वाकडे झालेले हात पाहिले. कुष्ठरोगात कोपराजवळची अल्नर चेता निकामी झाली, की हाताचे छोटे स्नायू लुळे पडतात, बोटे वाकतात आणि मधले सांधे तसेच आखडतात. चांगल्या स्नायूचे टेंडन दुसऱ्या जागी जोडून बोटांना पुन्हा काम करायला लावता येते, हे ब्रँड यांनी दाखवले. पण आखडलेला सांधा आधी सरळ झाला नाही, तर या शस्त्रक्रियेचा फारसा उपयोग होत नाही.

इथे खरी अडचण होती. निरोगी हातावर ओढ जास्त झाली, तर दुखते आणि रुग्ण स्प्लिंट सैल करतो. कुष्ठरोग्याच्या बधिर बोटाला ते कळतच नाही. ओढ वाढली, की कातडी दबून जखम होते आणि बोट जाण्याची पाळी येते. त्यामुळे जोर लावण्याचा मार्ग बंद होता. उपाय निघाला तो साध्या प्लास्टरचा. बोट जेवढे सहज सरळ होईल, तेवढ्याच स्थितीत त्यावर पातळ प्लास्टरची नळी चढवायची. काही दिवसांनी ती काढून थोड्या अधिक सरळ स्थितीत नवी चढवायची. असे करत आठवड्यागणिक सांधा मोकळा होतो. ऊतीला ओढून लांब करायचे नसते; सौम्य ताण दीर्घकाळ दिला तर ती स्वतःच वाढते आणि नव्याने रचली जाते, हा ब्रँड यांचा मुद्दा होता. आज ही पद्धत अपघात, भाजणे आणि संधिवात यांमुळे आखडलेल्या हातांसाठीही वापरतात.

५. मुंबई आणि प्रशिक्षित हात

असे उपचार रोजच्या रोज करायला प्रशिक्षित माणसे लागतात. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या. त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. आशियातील ही पहिली शाळा मानली जाते. परळच्या गिरणगावातल्या या रुग्णालयात येणाऱ्या बहुतेकांचे पोट हातावरच होते, हे ध्यानात घ्या. १९५२ मध्ये या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. आता गरम पाण्यात मऊ होणारे प्लास्टिक मिळते आणि स्प्लिंट काही मिनिटांत हातावर घडवता येते. पण ते महाग असते. लहान रुग्णालयात प्लास्टरची पट्टी अजूनही उपयोगी पडते.

६. आज काय शिकायचे?

दुखापतीनंतर हात बांधावाच लागला, तर सहसा मनगट किंचित मागे, बोटांच्या मुळाचे सांधे वाकवलेले आणि पुढचे सांधे सरळ ठेवतात. या स्थितीत अस्थिबंध ताणलेले राहतात आणि आखडण्याचा धोका कमी होतो. स्प्लिंट काढल्यावर कातडीवरचा लाल डाग लवकर गेला नाही, तर दाब जास्त आहे असे समजावे. बधिर हाताच्या बाबतीत ही तपासणी डोळ्यांनीच करावी लागते, कारण रुग्ण दुखते असे सांगू शकत नाही.

स्वाध्याय
१. मांडीच्या हाडाला मानवलेली दीर्घ विश्रांती बोटांना का मानवत नाही?
२. बधिर हातासाठी रबराच्या ओढीपेक्षा टप्प्याटप्प्याचे प्लास्टर सुरक्षित का ठरले?
३. सुश्रुतसंहितेतील मातीचा गोळा आणि आजचा हाताचा व्यायाम यांची तुलना करा.