पहिल्या बेसवरचे बुशसाहेब

2 ऑगस्ट 1990 नंतरचे दिवस ज्यांनी कुवेतमध्ये काढले, त्यांना जॉर्ज बुश कोण हे सांगायला नको. आपल्यापैकी कित्येकजण हातात मावेल तेवढे सामान घेऊन अम्मानमार्गे मुंबईला पोहोचलो. पुढे कुवेत मुक्त झाले, आम्ही परतलो, आणि ज्यांच्या हुकमाने ते युद्ध लढले गेले त्या माणसाविषयी मला कुतूहल वाटू लागले. वाचता वाचता सापडला तो बेसबॉल!

आपल्याकडे विद्यापीठांच्या क्रिकेटसाठी 1935-36 पासून रोहिंटन बारिया करंडक होता. अमेरिकेत बेसबॉलचे एवढे वेड, पण कॉलेजांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली ती 1947 मध्ये. आठ संघ, पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, आणि दोन्ही गटविजेत्यांत तीनपैकी दोन सामन्यांची अंतिम फेरी. ती मिशिगन राज्यातील कॅलामाझू या लहानशा गावी झाली. पूर्वेकडून आले येल विद्यापीठ. त्यांचा पहिल्या बेसवरचा खेळाडू म्हणजे बुश. हा डावखुरा क्षेत्ररक्षक फलंदाजी मात्र उजव्या हाताने करी.

हे संघ कोवळ्या पोरांचे नव्हते. महायुद्धातून परतलेले सैनिक सरकारी खर्चाने कॉलेजांत शिकत होते. बुश नौदलाचे वैमानिक. सप्टेंबर 1944 मध्ये जपानी तोफांनी त्यांचे विमान पाडले, बरोबरचे दोघे गेले, यांना पाणबुडीने समुद्रातून उचलले. येलमध्ये शिकत असतानाच थोरला मुलगा झाला. अशा माणसाला सामन्याची भीती ती काय वाटणार, असे मला वाटते. पण हरण्याचे दुःख व्हायचे ते होतेच.

कॅलिफोर्नियाने पहिला सामना 17-4 असा धुऊन काढला. दुसऱ्यात येलने झुंज दिली, तरी 8-7 असा एका धावेने हातचा गेला.

1948 मध्ये बुश कप्तान झाले. त्या जूनमध्ये आजारी बेब रूथ येलला आला आणि त्याने आपल्या आत्मचरित्राचे हस्तलिखित विद्यापीठासाठी बुश यांच्या हाती दिले. दोन-अडीच महिन्यांत तो वारला. अंतिम फेरी पुन्हा कॅलामाझूलाच, समोर सदर्न कॅलिफोर्निया. पहिल्या सामन्यात येल 3-1 ने मागे, नववा म्हणजे शेवटचा डाव, तिन्ही बेसवर धावपटू आणि एकही गडी बाद नाही. पुढचा फलंदाज बुश, बॅट घेऊन तयार! आणि एकाच फटक्यावर तिघे बाद. बेसबॉलमध्ये तीन बाद म्हणजे डाव संपला. क्रिकेटमध्ये असे काही होत नाही, म्हणून आपल्याला त्याची कल्पना येणे कठीण. कप्तानाची पाळी आलीच नाही. दुसरा सामना येलने 8-3 ने जिंकला, तिसरा 9-2 ने हरला.

1950 पासून ही स्पर्धा ओमाहा शहरात भरते आणि आता तिचा मोठा उत्सव होतो. बुश यांनी मात्र आपला जुना ग्लोव्ह राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतील टेबलाच्या खणात जपून ठेवला होता. 1948 मध्ये पदवी घेऊन ते टेक्सासला तेलधंद्यात गेले, आणि 1960 नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्याच कंपनीने कुवेतच्या समुद्रात तेलविहीर खोदली.