सहाशे किलो वाया

‘सूर्यवंशी’चा कैवार घेणारे साधारण तीन गोष्टी सांगतात. हा रोहित शेट्टींचा मसालापट आहे, त्यात तर्क शोधू नये. कोरोनाने ओस पडलेली चित्रपटगृहे २०२१च्या दिवाळीत त्यानेच भरली. आणि तस्करी, कस्टम्स, लाचखोरी यांचा खरा इतिहास दाखवला असता, तर मध्यंतरालाच निम्मे प्रेक्षक घरी गेले असते. पूर्वपक्ष दुबळा नाही. दुसरा मुद्दा तर मी बिनशर्त मान्य करतो. फक्त गल्ला हा गल्ल्याचाच पुरावा असतो, पटकथेचा नसतो.

आता मूळ कल्पना पाहा. १९९३च्या स्फोटांसाठी हजार किलो आरडीएक्स आणले गेले, चारशे किलो वापरले, उरलेले सहाशे महाराष्ट्रातच दडून आहे. हिंदी पडद्यावरच्या हेरकथेला इतके सकस बीज क्वचित मिळते. हा माल उतरू कोणी दिला? दडवला कोणी? इतकी वर्षे गप्प कोण राहिले? यांतल्या एकाही प्रश्नापाशी चित्रपट रेंगाळत नाही. नायक माणसांची नावे विसरतो, बँकॉकमध्ये हेलिकॉप्टरसह पाठलाग होतो, आणि शेवटी शेट्टींच्याच आधीच्या चित्रपटांतले पोलीसनायक सिंघम व सिम्बा धावून येतात. आरडीएक्सच्या जागी चोरीचे हिरे ठेवले असते, तरी हाणामारीचे एकही दृश्य बदलावे लागले नसते.

मसाल्याला तर्क वर्ज्य असतो, हे कोणी ठरवले? सलीम-जावेद यांचा ‘डॉन’ (१९७८) अस्सल मसालापट. टोळीप्रमुखाच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा साधा माणूस घुसवला आहे, हे एका पोलीस अधिकाऱ्यालाच ठाऊक असते, आणि तोच मारला जातो. त्या एका मृत्यूने कल्पनेतला शेवटचा थेंबही पिळून काढला जातो. गाणी आहेत, मारामाऱ्या आहेत, आणि डोके ठिकाणावर आहे.

उरला इतिहास कंटाळवाणा असल्याचा आक्षेप. तो करणाऱ्यांनी श्रीवर्धन-म्हसळ्याच्या बाजूला एकदा तरी नजर टाकावी. जानेवारी १९९३मध्ये दिघीला शस्त्रे उतरली, फेब्रुवारीच्या सुरुवातीला शेखाडीला शस्त्रे आणि आरडीएक्स. यालाच तस्करीच्या धंद्यात ‘लँडिंग’ म्हणत. सोन्याचांदीच्या लँडिंगची वाट आधीच मळलेली होती. कोणाला किती लाच द्यायची, हेही ठरलेले होते. दिघीचा माल घेऊन निघालेली वाहने गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली. म्हणजे कट तिथेच, त्याच रात्री, फुटू शकत होता. घासाघीस झाली. रोकड पुरेशी नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून गाड्या सोडल्या गेल्या. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. पुढे टाडा न्यायालयाने इतर आरोपींबरोबर कस्टम्सचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरवले.

यात कंटाळा कुठे आहे? फाट्यावरचा अंधार, थांबलेल्या गाड्या, आत काय आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आणि हवालदाराला नाही. याहून अधिक ताण कोणते हेलिकॉप्टर निर्माण करील?

कोणी म्हणेल, असे चित्रपट चालत नाहीत. पण ते बनतात आणि टिकतात. अनुराग कश्यपचा ‘ब्लॅक फ्रायडे’ याच कटावरचा. खटला चालू असल्याने न्यायालयाने तो रोखला होता. २००७मध्ये तो प्रदर्शित झाला. झोपडपट्टीतल्या त्याच्या लांबलचक पाठलागात पोलीस धापा टाकतात, थांबतात, पुन्हा पळतात. तो पाठलाग आजही चर्चेत आहे. बँकॉकचा आठवतो का, हे वाचकांनीच सांगावे.

काल्पनिक चित्रपटाला इतिहासाचे ओझे कशाला, हाही प्रश्न येतो. ओझे आम्ही लादलेले नाही. चित्रपटानेच खऱ्या दिवसाचे, खऱ्या मृतांचे भांडवल उभे केले. उसने घेतलेल्याचा हिशेब द्यावा लागतो.

आणि हे सगळे जुनेही झालेले नाही. १८ ऑगस्ट २०२२ रोजी याच पट्ट्यातल्या हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर एक बेवारस नौका लागली, आत तीन एके-४७ रायफली. जिल्ह्यात नाकाबंदी झाली. नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेची आणि भरकटून आलेली निघाली. पण ते कळेपर्यंत या किनाऱ्याला १९९३ आठवल्याशिवाय राहिले नाही. पुढचा हेरपट काढणाऱ्याने हेलिकॉप्टरचे भाडे वाचवावे आणि पहिले दृश्य गोंडघर फाट्यावर लिहावे.